चर अडवला, पाणी वर आलं का? अमीबा मोजताना ठेवलेल्या नोंदी

पीटच्या, म्हणजे न कुजता साठलेल्या मॉसच्या, दलदलीतलं पाणी काढून टाकायला कधीकाळी खणलेले दोन चर आम्ही दोन वर्षांपूर्वी पीटचेच बांध घालून अडवले. त्याचा उपयोग झाला का, एवढाच प्रश्न होता. पाणी खाली उतरलं की पीटमध्ये हवा शिरते, हजारो वर्षं न कुजता साठून राहिलेलं मॉस कुजायला लागतं आणि त्यातला कार्बन निघून जातो. म्हणून पाणी पृष्ठभागाच्या किती खाली आहे हे कळलं तर निम्मं काम झालं. पाइप रोवून ते मोजता येतं, पण पाइप सांगतो ते आपण गेलो त्या दिवसाचं. स्फॅग्नम मॉसच्या पानांत राहणारे कवचधारी अमीबा तिथेच मुक्कामाला असतात. ओल्या जागी एक मंडळी, कोरड्या जागी दुसरी. आणि मेले तरी कवच मागे राहतं. ती कवचं मोजायची ठरवलं.

आम्ही तिघं होतो: मी, माझी सहकारी आणि प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. तिघांपैकी कोणीही हे काम आधी केलेलं नव्हतं. पुढच्या नोंदी वाचताना ते लक्षात येईलच.

४ मे. पाइप

प्रत्येक चरापासून काटकोनात एक रेघ आखली, अ आणि ब. रेघेवर चरापासून १, ५, १५ आणि ४० मीटरवर खुंट्या. पीव्हीसीचे मीटरभर लांबीचे सहा पाइप: अंगाला भोकं, खालचं तोंड बंद, बाहेरून जाळीचं कापड गुंडाळलेलं. चार अ रेघेवर, उरलेले दोन ब रेघेवर १ आणि ४० मीटरला. ब रेघेचे मधले दोन बिंदू पाइपाविना राहिले. आणखी दोन पाइप कापायला तासभर लागला असता. आळस केला. त्याची किंमत सप्टेंबरमध्ये मोजली.

पहिलं मोजमाप घेतलं, पाणी ११ सेंटिमीटर खाली. समाधानानं वही मिटली. सहकारी मागून म्हणाली, "तू बाजूला हो आणि पुन्हा मोज." बाजूला झालो, पाच मिनिटं थांबलो, तर १४ भरलं. पीट स्पंजासारखं असतं. पाइपाशेजारी माणूस उभा राहिला की जमीन दबते आणि पाणी वर आल्यासारखं दिसतं. आता प्रत्येक पाइपाजवळ फळी टाकतो, फळीवर ओणवं होऊन मोजतो.

अजून एक. पीट ओलं झालं की फुगतं, वाळलं की बसतं. पाइपाच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर घेतलं तर दर वेळी काठापासून जमिनीपर्यंतचंही घ्यायला हवं आणि ते वजा करायला हवं. पहिल्या दिवशी ते एकदाच घेतलं होतं.

१८ मे. पहिले नमुने

आठ खुंट्या, आठ पिशव्या. प्रत्येक ठिकाणी मॉस चांगलं दाट दिसलं तिथून मूठभर उपटलं. हे वाक्य इथे मुद्दाम ठेवतोय, कारण त्यातले तीनही शब्द चुकीचे निघाले: चांगलं, दाट आणि मूठभर. का ते ऑगस्टमध्ये येईल.

परतताना पिशव्या गाडीच्या मागच्या काचेखाली राहिल्या, तीन तास, उन्हात. घरी पिशव्या आतून घामेजल्या होत्या आणि मॉसला उकडलेल्या भाजीचा वास येत होता. रिकामी कवचं मोजायची असतील तर यानं फारसं बिघडत नाही. जिवंत मोजायचे असतील तर नमुना गेलाच म्हणायचा. थंड पेटी न्यावी, घरी आल्यावर ४ अंशांच्या आसपास ठेवावं. गोठवू नये.

२१ मे. धुणं

कृती अशी: मॉस कातरायचं, पाण्यात १० मिनिटं उकळायचं, ढवळायचं, ३०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून गाळायचं म्हणजे काड्या-पानं वर राहतात. मग खाली आलेलं गढूळ पाणी बारीक कापडातून गाळायचं म्हणजे मातीचा भुगा निघून जातो आणि कवचं कापडावर राहतात. आमच्याकडे २० मायक्रॉनचं नायलॉन कापड होतं. तेच वापरलं.

उकळण्याआधी नमुन्यात लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकली. गोळीत बीजाणू किती ते पाकिटावर लिहिलेलं असतं (प्रत्येक घाण्याचा आकडा वेगळा, पाकीट फेकू नका). पुढे काचपट्टीवर कवचं मोजताना हे बीजाणूही मोजायचे. समजा गोळीत १०,००० बीजाणू, नमुना २ घन सेंटिमीटरचा, आणि १५२ कवचं मोजेपर्यंत ७६ बीजाणू दिसले. म्हणजे नमुन्यात २०,००० कवचं, दर घन सेंटिमीटरला १०,०००. धुताना काही सांडलं तरी दोन्ही सारख्याच प्रमाणात सांडतं, ही यातली गंमत.

पण गोळी विरघळण्याआधी सांडलं तर नाही. विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात गोळी फसफसते. मी लहान बीकर घेतला आणि एकदम आम्ल ओतलं. फेस काठावरून टेबलावर. नमुना क्रमांक ३ पुन्हा करावा लागला. बीकर मोठा घ्या, गोळी आधी वेगळ्या भांड्यात विरघळवा, मग मॉस घाला.

२४ मे. पहिली काचपट्टी

ग्लिसरीनचा थेंब, त्यात नमुन्याचा थेंब, वर कव्हरस्लिप, कडेनं नेलपॉलिश. दोनशे पटीवर चार तास बसलो. एकोणीस कवचं सापडली म्हणून आनंदानं सरांना दाखवायला नेली. सरांनी पाहिलं, फोकस वरखाली केला आणि म्हणाले, "अहो, यातली सहा हवेचे बुडबुडे आहेत, आणि ही चार परागकण. याला तोंड कुठंय?"

तोंड शोधायचं, हा तेव्हापासून आमचा पहिला नियम. कवचाला पाय बाहेर काढायला एक तरी छिद्र असतं. ते दिसलं नाही तर कव्हरस्लिपवर सुईनं हलकेच टिचकी मारायची, कवच लोळतं आणि तोंड समोर येतं. म्हणून कडा नेलपॉलिशनं लगेच बंद करू नयेत. ग्लिसरीन पुरेसं घट्ट असतं, एक दिवस तसंच राहतं.

२ जून. पट्टी चुकली

माझ्या वहीत हायलोस्फेनिया पॅपिलिओ या अमीबाची लांबी २२० मायक्रॉन. पुस्तकात १०५ ते १४०. मला वाटलं, आपल्याकडे काहीतरी वेगळं सापडलं! दोन संध्याकाळी त्या स्वप्नात गेल्या.

नेत्रिकेतल्या पट्टीचं एक घर २० च्या वस्तुभिंगाखाली ५ मायक्रॉन होतं, ४० च्या खाली अडीच. मी मोजत होतो ४० खाली आणि गुणत होतो ५ नं. चव्वेचाळीस घरं, म्हणजे ११० मायक्रॉन. अगदी पुस्तकातला, साधासुधा पॅपिलिओ. आता प्रत्येक भिंगाचा आकडा सूक्ष्मदर्शकाच्या मानेवर चिकटपट्टीनं लावलाय.

१५ जून. ओळख पटायला लागली

एक महिना गेला तेव्हा कुठे चेहरे लक्षात राहू लागले. आमच्या नमुन्यांत रोज भेटणारे हे:

आर्चेरेला फ्लेव्हम. तपकिरी, पिंपासारखा, दोन्ही टोकांना तोंड. ओल्या जागेचा पक्का रहिवासी. जुन्या पुस्तकांत हाच ॲम्फिट्रेमा फ्लेव्हम नावानं आहे. मी दोन आठवडे त्याला दोन जाती समजून वेगवेगळ्या रकान्यांत टाकत होतो.

पॅपिलिओ. चपटा, पिवळसर, काचेसारखा पारदर्शक, तोंडाशी अरुंद. जिवंत असला तर पोटात हिरवी शैवालं दिसतात. ती त्यानं खाल्लेली नसतात, पाळलेली असतात. सगळ्यात देखणा हाच. जोसेफ लायडी यांनी १८७९ मध्ये गोड्या पाण्यातल्या अशा जिवांची रंगीत चित्रं छापली. ती पाहून मग काचपट्टी पाहिली की माणूस काय तासन्‌तास बसला असेल ते कळतं.

कोरड्या बाजूला हायलोस्फेनिया सबफ्लाव्हा, ट्रायगोनोपिक्सिस आर्क्युला (तोंड तिकोनी, अंगावर कचरा चिकटवलेला, म्हणून मातीचं ढेकूळ समजून आम्ही पहिले कित्येक सोडून दिले) आणि क्रिप्टोडिफ्लुजिया ओव्हिफॉर्मिस. हा शेवटचा अगदी चिमुकला, १५ ते २० मायक्रॉन. त्याच्याबद्दल पुढे बरंच लिहायचंय.

ॲसुलिना मस्कोरम आणि ॲसुलिना सेमिनुलम वेगळे करताना आमच्या दोघांचे आकडे जुळेनात. मस्कोरम लहान, सेमिनुलम मोठा, पण मधल्या मापाचे आले की वाद. शेवटी ६० मायक्रॉनवर रेघ ओढली आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहिली. रेघ बरोबर आहे असा दावा नाही. दोघं एकच रेघ पाळतात, एवढं पुरे. नेबेलाच्या बारीकसारीक जाती तर सरळ एका गटात टाकल्या. चुकीच्या नेमकेपणापेक्षा ते बरं.

२८ जून. किती मोजायचे?

लेखांमध्ये बहुतेक ठिकाणी १५० कवचं दिसतात. दोन नमुन्यांवर आम्ही ५०, १०० आणि १५० ला थांबून टक्के काढले. मुख्य जातींचे टक्के १०० नंतर जेमतेम हलले. दुर्मिळ जाती मात्र येतच राहिल्या. आम्हाला पाण्याचा अंदाज हवा होता, जातींची यादी नको होती, त्यामुळे १०० पुरले असते. तरी १५० च ठेवले, कारण हात नवखे होते आणि ओळखण्यातली चूक संख्येनं थोडी झाकली जाते असं वाटलं. खरं तर ती झाकली जात नाही. शंभरात दहा चुकले तर दीडशेत पंधरा चुकतात.

१२ जुलै. पहिला निकाल, आणि पेढे

आठही नमुने मोजून झाले. चराच्या अगदी कडेला, १ मीटरवर, दोन्ही रेघांवर आर्चेरेला आणि पॅपिलिओ मिळून निम्म्याहून जास्त. कोरड्या जाती नावाला. म्हणजे चर अडवल्यावर कडेचं पीट दोन वर्षांत पुरतं भिजलं! पेढे वाटले. फोटो काढला. एका बैठकीत आलेखसुद्धा दाखवला.

तो आलेख नंतर मागे घ्यावा लागला.

१९ जुलै. सरांची शंका

सर काही बोलले नाहीत त्या दिवशी. आठवड्यानं वही घेऊन आले. "चराच्या कडेला हेदर, कोरड्या जागेचं झुडूप, वाढतंय, तुम्हीच सांगता. पाइपातलं पाणी उन्हाळ्यात २५ सेंटिमीटर खाली. मग एवढी ओली मंडळी तिथे करतात काय? आणि क्रिप्टोडिफ्लुजिया आठ नमुन्यांत मिळून फक्त अकरा?"

मी म्हटलं, नसतील इथे.

"नसतील, की राहिले नसतील?"

ते कापडाकडे बघत होते. कापडाची छिद्रं २० मायक्रॉनची. क्रिप्टोडिफ्लुजिया १५ ते २०. ट्रिनेमा लिनिएटमही लहानखुरा, अंगानं सडपातळ. दोघंही कोरड्या बाजूचे. आम्ही दीड महिना कोरड्या जागेचे साक्षीदार मोरीत ओतत होतो आणि उरलेल्यांना विचारत होतो, काय रे, जागा ओली आहे ना?

सुदैवानं शेवटच्या दोन नमुन्यांचं गाळलेलं पाणी बाटलीत राहिलं होतं; तेही व्यवस्थितपणामुळे नव्हे, बाटल्या धुवायच्या राहिल्या म्हणून. रात्रभर निवळू दिलं, तळाचा थेंब चारशे पटीवर पाहिला. खच पडला होता.

२६ जुलै. कापडाविना

अ रेघेचा १ मीटरवरचा नमुना पुन्हा. मॉस शिल्लक होतं. फक्त ३०० ची चाळणी, बारीक कापड नाही. त्याऐवजी सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवून वरचं पाणी ओतून दिलं. सहकारीनं पिशव्यांवरची नावं झाकून नुसते क्रमांक घातले, म्हणजे मला कोणता नमुना कुठला ते कळू नये. आधी तेही केलं नव्हतं. आपल्याला काय दिसायला हवंय ते मनात असलं की ॲसुलिनाची रेघसुद्धा हलते.

कापडानं गाळलेल्यात १५० पैकी क्रिप्टोडिफ्लुजिया ३. कापडाविना १५० पैकी ४७. तोच नमुना, तेच डोळे.

किंमत: काचपट्टी आता चिखलासारखी दिसते. भुग्याखाली कवचं दडतात, शोधावी लागतात. थेंब लहान घेतला आणि ग्लिसरीन जास्त, तर थोडं सुसह्य होतं. १५ मायक्रॉनचं कापड घेतलं तर? विचार केला होता. पण १६ मायक्रॉन लांबीचं लंबगोल जनावर आडवं गेलं तर अडकेल, उभं गेलं तर निसटेल. कापड कपाटात गेलं.

९ ऑगस्ट. नमुने पुन्हा, या वेळी डोकं वापरून

पहिल्या वेळचे आठही नमुने रद्द धरले, कारण कापड ही एकच चूक नव्हती. "चांगलं, दाट मॉस" आम्ही कुठून घेतलं होतं ते खुंट्यांपाशी जाऊन पाहिलं. चराजवळ मॉस फक्त खळग्यांत टिकलं होतं, तर तिथे खळग्यातलं घेतलं. लांबवर उंचवट्यांवर गुबगुबीत होतं, तर तिथे उंचवट्यावरचं. एकाच जागी खळगा आणि उंचवटा यांच्यात पाण्याच्या खोलीत २० सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. म्हणजे चरापासूनच्या अंतराचा परिणाम मोजतोय असं समजून आम्ही खळगे आणि उंचवटे मोजले होते.

आता प्रत्येक खुंटीपाशी एक खळगा, एक उंचवटा. आठ खुंट्या, सोळा नमुने. उंचवटा किती वर आहे ते गवंडी काढतात तशी, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढून लिहिलं.

आणि मूठभर उपटणं बंद. कात्रीनं देठ कापून फळीवर सरळ निजवले, वरचे ३ सेंटिमीटर एका डबीत, ३ ते ५ सेंटिमीटरचा तुकडा दुसऱ्या डबीत. मूठभर उपटलेल्या मॉसमध्ये वरचा हिरवा भाग आणि खालचा अर्धवट कुजलेला भाग कमीजास्त येतो. उजेड लागणारा पॅपिलिओ वरच्या भागात जास्त, त्यामुळे देठ कुठे तोडलं यावरच निकाल बदलतो.

डब्यांवर पेन्सिलीनं लिहा. मार्करची शाई ओल्या हातानं पुसली गेली आणि दोन डब्यांसाठी परत जावं लागलं. जाऊन-येऊन अर्धा दिवस.

६ सप्टेंबर. जिवंत आणि मेलेले

सोळाही नमुन्यांचे ३ ते ५ सेंटिमीटरचे तुकडे मोजून झाले. चित्र जुलैच्या अगदी उलट: १ मीटरवर दोन्ही रेघांना कोरडी मंडळी भरपूर. मनात आलं, बांध फुकट गेले.

पण रिकामं कवच कधीचं? अमीबाची पिढी काही दिवसांची. कवच मात्र आम्लयुक्त, हवा नसलेल्या पीटमध्ये हजारो वर्षं टिकू शकतं. दोन वर्षांपूर्वी, बांध घालायच्या आधी मेलेल्याचं कवच आणि काल मेलेल्याचं कवच आम्ही एकाच टॅली काउंटरवर दाबत होतो. आत्ता काय चाललंय ते जिवंतांनाच विचारायला हवं.

त्यासाठी रोझ बेंगाल हा रंग. आतला जीवद्रव्याचा गोळा गुलाबी होतो, रिकामं कवच बहुतेक तसंच राहतं. बहुतेक. काही कवचांच्या भिंतीही फिकट गुलाबी होतात. आत गोळा दिसला तरच जिवंत धरायचा असं ठरवलं. उकळायचं नाही, हे सांगायला नको असं वाटेल, पण सवयीनं पहिला नमुना मी उकळलाच. गोळे फुटून सगळीच कवचं रिकामी.

दुसरी चूक होता होता राहिली. मी वरच्या ३ सेंटिमीटरमधले जिवंत आणि खालच्या तुकड्यातली रिकामी कवचं समोरासमोर ठेवणार होतो. सहकारी म्हणाली, "वर उजेड आहे, खाली नाही. ओल्या-कोरड्याचा फरक दिसेल की उजेडाचा?" बरोबर होतं. दोन्ही मोजणी त्याच ३ ते ५ सेंटिमीटरच्या तुकड्यात केल्या. फक्त आठ खळग्यांच्या, कारण वेळ. रिकामी १००, जिवंत ५०. पन्नास जिवंत सापडायला कधी कधी पाच काचपट्ट्या लागल्या.

अ रेघ, १ मीटर: रिकाम्या शंभरांत कोरड्या जातींचे ५८. जिवंत पन्नासांत आर्चेरेला आणि पॅपिलिओ मिळून ३१. म्हणजे जुनी वस्ती कोरडी, नवी वस्ती ओली. या वेळी पेढे आणले नाहीत, पण तिघंही बराच वेळ वहीकडे बघत बसलो.

ब रेघ, ५ मीटर: रिकामे कोरडे, आणि जिवंत पन्नासांतही ३३ कोरडेच. त्याच रेघेवर १ मीटरला बदल दिसतो, १५ ला दिसतो, मध्येच ५ ला नाही. पुन्हा मोजलं, नाव झाकून, सहकारीनं. तिचे ३१. आणि नेमका याच बिंदूला पाइप नाही.

१३ सप्टेंबर. ब रेघेवर

दोन पाइप कापले, रोवले, दोन दिवसांनी पाहिलं. ५ मीटरवर पाणी २८ सेंटिमीटर खाली, १५ मीटरवर १२. अडवलेल्या चराला इतक्या जवळ असून पाणी खाली, हे उलटं होतं. चराच्या कडेनं चालत गेलो. ब चरावरचा दुसरा बांध वरून उत्तम दिसत होता, त्यावर मॉससुद्धा आलेलं. पण काठीनं टोचत गेलो तर बांधाच्या उजव्या कुशीत काठी सरळ आत गेली. पाणी बांधाला वळसा घालून, गवताखालून, एका जुन्या आडव्या चरीत उतरत होतं, आणि ती चरी आमच्या ५ मीटरच्या खुंटीपासून हातभर अंतरावरून जात होती. गवतानं पूर्ण झाकलेली. आखणी करताना आम्ही तिच्यावरून कितीदा चाललो असू.

२० सप्टेंबर. सेंटिमीटरमध्ये उत्तर

जातींच्या टक्केवारीतून पाण्याची खोली काढायची रीत सोपी आहे: प्रत्येक जातीला सर्वात मानवणारी खोली, गुणिले तिचा वाटा, सगळ्यांची बेरीज. समजा तीनच जाती आहेत. ५ सेंटिमीटरवाली ५० टक्के, १० वाली ३० टक्के, ३० वाली २० टक्के. अडीच अधिक तीन अधिक सहा, साडेअकरा सेंटिमीटर.

मानवणाऱ्या खोल्यांचा तक्ता आम्ही दुसऱ्या प्रदेशातल्या पीटभूमींवरून केलेला उसना घेतला. आमच्या पाइपांची उन्हाळ्याची सरासरी १७ आली तिथे तक्त्यानं ९ सांगितलं. दुसरीकडे २४ तिथे १९. आकडे जुळले नाहीत. पण कोण जास्त ओलं, कोण कमी, हा क्रम सहा पाइपांपैकी पाच ठिकाणी जुळला. त्यामुळे अहवालात सेंटिमीटर लिहिले नाहीत, क्रम लिहिला. सेंटिमीटरचा आकडा दिला की लोक तोच उचलतात आणि बाकी विसरतात, हे जुलैच्या आलेखानं शिकवलंय.

११ ऑक्टोबर. बांध, आणि हिशेब

ब चराचा दुसरा बांध उघडला. आत मधोमध वाळलेलं, भुसभुशीत पीट निघालं. दोन वर्षांपूर्वी काठावर पडलेलं होतं ते सोयीचं म्हणून भरलं असणार. भरणाऱ्यांत मीही होतो. एकदा पुरतं वाळलेलं पीट पुन्हा नीट पाणी धरत नाही, भेगा राहतात. ते काढून टाकलं, चराच्या तळाजवळचं काळं, ओलं, मुरलेलं पीट थराथरानं दाबत भरलं, दोन्ही कुशींत आधीपेक्षा खोल शिरवलं, वर मॉसचे गड्डे ठेवले. आडव्या चरीलाही एक लहान बांध. तीन माणसं, एक दिवस.

सूक्ष्मदर्शकाचे तास वहीतून: पहिली, रद्द झालेली फेरी ८ नमुने, ३२ तास. दुसरी १६ नमुने, ३२ तास. जिवंतांची मोजणी ८ नमुने, २४ तास. एकूण ८८, त्यातले ३२ पाण्यात. चेहरे ओळखायला शिकण्यात गेले ते यात धरलेले नाहीत, आणि गाडीत शिजलेल्या पिशव्याही नाहीत. सामानात महाग एकच, सूक्ष्मदर्शक, तो उसना मिळाला. बाकी काचपट्ट्या, ग्लिसरीन, गोळ्या, रंग आणि ते कपाटातलं नायलॉनचं कापड.

कोणी सुरू करणार असेल तर पहिला नमुना घ्यायच्या आधी आठही खुंट्यांना पाइप रोवा, आणि गाळलेलं पाणी फेकण्याआधी एक थेंब चारशे पटीवर बघा.

१८ ऑक्टोबर

ब रेघ, ५ मीटर, पाणी १९ सेंटिमीटर खाली. आठवड्यात पाऊस झालाय, त्यामुळे यावर काही लिहीत नाही. त्याच खळग्यातलं मॉस पुन्हा मेमध्ये, पेन्सिलीनं नाव घालून.